एक मिलिमीटर

जुलै लागला की चिपळूणच्या बाजारपेठेत एक काम कोणी न सांगता होते. खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर जातो आणि वरच्या फळीवरचा माळ्यावर. कापडवाला तागे उचलतो, किराणावाला साखरेची पोती, झेरॉक्सवाला मशीनखाली चिऱ्याचा आणखी एक थर लावतो. आज २२ जुलै. २०२१ साली याच तारखेला पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या गावात शिरल्या आणि बाजारात दहा-बारा फूट पाणी चढले. एसटी आगाराची रोकड वाचवण्यासाठी आगारप्रमुख ती घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले, ही त्या दिवसाची गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली गेली. दीडशे वर्षांहून जुने लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ नंतर दुसऱ्यांदा बुडाले.

पाणी ओसरले. चिखल राहिला. पूर भोगलेल्या माणसाला बोलते करा; पाण्याबद्दल तो दोन वाक्ये बोलेल आणि चिखलाबद्दल अर्धा तास. फ्रिजमधल्या भाजीच्या खणात चिखल, शिलाई मशीनच्या बॉबिनमध्ये चिखल, झाकण घट्ट लावलेल्या पिठाच्या डब्यातही बोटभर चिखल. पहिल्या दिवशी तो खरवडून निघतो. ऊन पडले की विटेसारखा होतो, मग फावडे त्याच्यावर खणखणते. भिजलेल्या पुस्तकाची पाने सुटी करू गेले तर अक्षरे त्याच्याबरोबर निघतात. रंगाने तांबूस, हाताला साबणासारखा मऊ, वास कुजक्या पाचोळ्याचा. हा चिखल चिपळूणचा नव्हता. तो तिवऱ्याकडचा, कुंभार्ली घाटाच्या अंगाचा, वाशिष्ठीला येऊन मिळणाऱ्या असंख्य पऱ्यांच्या काठचा होता. डोंगर दारात आला होता आणि आपण त्याला घाण म्हणून डंपरमध्ये भरत होतो.

पुरानंतर भांडण झाले ते मात्र पाण्याचे. कोयनेत वीज करून झालेले पाणी कोळकेवाडीतून वाशिष्ठीत येते; ते त्या रात्री किती सोडले, कधी सोडले? निळी आणि लाल पूररेषा आखली तेव्हा एवढे शहर तिच्या आत कसे गेले? मग गाळाचा विषय निघाला. नदीच्या पात्रात बेटे झाली आहेत, बेटांवर झाडे वाढली आहेत, ती काढा म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये लोक साखळी उपोषणाला बसले. ते बसले म्हणून पोकलेन नदीत उतरले, हे विसरता कामा नये. मागणी रास्तच होती. ज्याच्या दुकानात सोळा वर्षांत दोनदा पाणी शिरले त्याला सह्याद्रीच्या निसर्गसंपदेवर प्रवचन ऐकवणे हा चावटपणा आहे. पण काढलेला गाळ टाकायचा कुठे? काठावर ढीग घातला तर पुढच्या पावसात तो परत नदीत. सखल जागेत भराव घातला तर पुराला पसरायची जागा तेवढी कमी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथे सोमेश्वरीही घर जळते आहे, त्यामुळे बंबाला नावे ठेवण्याची सोय नाही.

पाऊस आपण मिलिमीटरमध्ये मोजतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते, म्हणजे उन्हाळ्यात वाडीवर येतो तसा एक टँकर. २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हेक्टरमागे ५९४ टँकर. आता हेच माप मातीला लावून पाहू. एका हेक्टरवरची एक मिलिमीटर माती धुपली तर ती दहा घनमीटर भरते. एक भरलेला डंपर. एक मिलिमीटर म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या जाडीहूनही कमी. डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाला एवढी माती गेलेली कळतही नाही. शंभर हेक्टर उघडे पडले आणि एका पावसाळ्यात एकच मिलिमीटर गेली, तरी शंभर डंपर खाली निघाले. पहिल्या मिलिमीटरची नोंद हवामान खाते तालुक्यातालुक्यात रोज सकाळी साडेआठला घेते. दुसऱ्या मिलिमीटरची नोंद घ्यायला डोंगरावर कोणी उभे नसते. ती थेट नदीच्या पात्रात होते आणि आपण ती पोकलेनने वाचतो.

मागे एका जुलैत घाटपायथ्याच्या एका वाडीत दोन दिवस मुक्काम पडला होता. वाडीमागच्या डोंगराच्या एका अंगाला देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले जंगल, दुसऱ्या अंगाला आदल्या हिवाळ्यात तोडलेले जंगल. दोन्हीकडून एकेक पऱ्या खाली येतो. दुपारी जोराची सर आली. तोडलेल्या अंगाचा पऱ्या पंधरा मिनिटांत गरजू लागला, गेरू कालवल्यासारखा. सर थांबल्यावर तासाभरात त्याची धार घोट्याएवढीही उरली नाही. देवरहाटीचा पऱ्या सरीच्या वेळी फारसा चढला नाही आणि सर गेल्यावर फारसा उतरलाही नाही. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे. यजमानांच्या नातवाने पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या भरून पडवीत ठेवल्या. सकाळी एका बाटलीच्या तळाशी दोन बोटे माती बसली होती. दुसरीत दोन-तीन काटक्या आणि एक किडा. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, हे आम्हालाही कळते. पण एवढे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही.

हे घडते कसे? ‘झाडांची मुळे माती धरून ठेवतात’ हे शाळेतले वाक्य खरे आहे, पण अपुरे. जंगलातले खरे काम करतो तो पातेरा, म्हणजे गळलेल्या पानांचा थर. पावसाचा मोठा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या मातीवर तो आदळला की मातीचे कण उडतात, बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात आणि वरचा पापुद्रा लिंपल्यासारखा होतो. मग पाणी मुरत नाही, वाहते. उंच झाडाच्या पानावरून निथळणारा थेंबही खाली येईपर्यंत बराच वेग घेतो, म्हणून नुसती उंच झाडे असून भागत नाही. खाली झुडपे, रोपे आणि वीतभर पातेरा लागतो. त्याच्याखाली वाळवी, गांडुळे आणि कुजलेली मुळे यांनी केलेली भोके असतात. पाणी तिथून आत जाते आणि दिवस, महिने घेऊन झऱ्यातून बाहेर येते. पातेरा गोळा करून भाजावळीला नेला, किंवा मार्चमध्ये वणवा लागून तो जळला, तर झाडे उभी असूनही जंगलाचे हे काम निम्मे बंद पडते. कोकणात वणव्याला कोणी जंगलतोड म्हणत नाही. म्हणायला हवे.

मुळांचीही गंमत आहे. झाड तोडले म्हणून मुळे त्याच दिवशी जात नाहीत. ती हळूहळू कुजतात आणि काही वर्षे उताराला धरून ठेवतात. त्यामुळे तोड झाली त्या वर्षी काही घडत नाही, पुढच्या वर्षीही नाही, आणि चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात दरड आली की सगळे आकाशाकडे बघतात. ऐन-किंजळाला बुंध्यातून फुटवा येतो, म्हणून कुऱ्हाडीच्या काळातली, बारा-पंधरा वर्षांच्या फेऱ्याने होणारी तोड जंगलाला मारत नसे. आता कटर आहे, जेसीबी आहे. काजूची किंवा आंब्याची बाग करायची तर बुंधेही उपटले जातात. लाकूड काढायला ट्रक वरपर्यंत जावा म्हणून डोंगर कापून रस्ता पाडला जातो. दोन महिने वापरून सोडून दिलेला हा कच्चा रस्ता पावसाळ्यात ओहोळ होतो. तोडलेल्या जागेपेक्षाही जास्त माती कित्येकदा एवढ्याशा रस्त्यावरून जाते.

आता दुसरी बाजू, कारण ती झाकून ठेवली तर उरलेले खोटे पडेल. ५९४ मिलिमीटरच्या दिवशी घनदाट जंगलही हात टेकते. जमीन आधीच्या पावसाने तुडुंब भरलेली असते, आणखी एक थेंब मुरायला जागा नसते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००५ साली जंगल आणि पूर यांच्या नात्यावर एक अहवाल काढला होता. त्याचा रोख असा की लहान आणि मध्यम पूर जंगल रोखते, पण महापुराचे खापर जंगलतोडीवर फोडणे ही कल्पना आहे. तो वाचून पर्यावरणवाले चिडले. आम्हाला तो पटतो, फक्त तो संपतो तिथे आमचे म्हणणे सुरू होते. महापूर एका दिवसाचा असतो. पण त्या दिवशी नदीत पाण्यासाठी जागा किती आहे, हे त्याआधीच्या तीस-चाळीस वर्षांच्या साध्यासुध्या पावसाने ठरवलेले असते. दर पावसाळ्यात थोडी माती येते, पात्र थोडे उचलले जाते, वळणावर बेट तयार होते. मग एके पहाटे तेवढेच पाणी येते आणि पूर्वीपेक्षा वर चढते. त्या दिवशी जंगल असते तरी त्याने पाणी अडवले नसते, हे मान्य. जागा आधी कोणी भरून ठेवली, हा प्रश्न तसाच राहतो.

दरडींचेही असेच गुंतागुंतीचे आहे. याच २२ जुलैच्या संध्याकाळी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये १५१ जण गाडले गेले. सकाळची एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा जगाला कळले. माळीणनंतर पडकईवर बोट ठेवले गेले. महादेव कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या श्रमाने, हाताने रचलेली ती भातखाचरे. वाद होता तो या कामासाठी उतारावर चढवलेल्या यंत्रांचा, पण बदनाम झाला तो शब्द. दाट झाडीतूनही दरड येते, हे खरे. पण उतारावर काय काय करून ठेवले होते हे आधी बघायचे, आणि मग निसर्गाचा कोप म्हणायचे, एवढा क्रम तरी पाळता येईल.

खाड्या गाळाने भरण्याची तक्रार नवी नाही. अलेक्झांडर गिब्सन नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर दापोडीची वनस्पतिबाग सांभाळत असे. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. कोकणात हिंडून त्याने खाड्यांमधल्या गाळाचा संबंध डोंगरांवरच्या तोडीशी जोडला होता. त्याच सरकारने पुढे जहाजांसाठी आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी जंगलांचे काय केले ते सर्वश्रुत आहे. त्याच्याही सव्वाशेहून अधिक वर्षे आधी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने आरमारासाठी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावण्यावर बंधन घातले होते. दाभोळ एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरचे नावाजलेले बंदर. तिथून खाडीने गोवळकोटपर्यंत मालाची गलबते येत. आज त्या खाडीत ओहोटीला होडी रुतते. एवढ्या जुन्या प्रश्नाला दर वेळी नवी समिती मिळते, हे विशेष.

आता वर, डोंगराच्या मालकाकडे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नाममात्र आहे; बहुतेक डोंगर खासगी सातबाऱ्यावर. त्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यातली पंधरा मुंबईत. गावात राहिलेल्या भावाला घराचे कौल बदलायचे असते, मुलीचे लग्न असते, आजारपण असते. मग तो ‘जंगल देतो’. शब्दच तसा आहे, जंगल विकले असे कोणी म्हणत नाही. ठेकेदार येतो, डोंगरावर एक फेरी मारतो, उक्ती रक्कम ठरते. लाकूड किती टन निघणार हे ठेकेदाराला नेमके ठाऊक असते, मालकाला नसते. किंजळ, ऐन, कुंभा, आंबा सगळे एका भावात ट्रकमध्ये जाते. काही वखारीत, काही भट्टीत, काही घाटावरच्या बॉयलरांत. पन्नास वर्षांच्या झाडातून मालकाच्या हाती पडते ती रक्कम मुंबईच्या एका फेरीत संपावी इतकी असू शकते. त्याला जंगलाचा शत्रू ठरवणे सोपे आहे. त्याचे जंगल उभे राहावे म्हणून त्याला सहसा कोणी एक रुपयाही देत नाही, हेही तितकेच खरे.

कायदा आहे. १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम. बेकायदा तोडीला त्यात दंड होता हजार रुपयांपर्यंत. ट्रकभर लाकडापुढे हजार रुपये म्हणजे वाटखर्च. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तो पन्नास हजारांवर नेण्याचा निर्णय घेतला आणि विरोध झाला तो कोकणातूनच. आमच्या मते विरोध करणारे पूर्ण चुकलेले नव्हते. दाराच्या आंब्याची फांदी तोडणारा आणि डोंगर साफ करणारा यांना एकाच मापाने मोजणारा दंड कागदावर कडक आणि जमिनीवर चिरीमिरीचे नवे दरपत्रक होतो. परवाना देताना झाडांची जात आणि संख्या लिहिली जाते. उतार किती, पऱ्यापासून अंतर किती, ट्रकचा रस्ता कुठून पाडणार, हे विचारले तर निम्मे काम होईल. आणि तीव्र उतारावरचे, पऱ्यांच्या काठचे जंगल जो राखेल त्याला दर वर्षी रोख मोबदला द्यावा. गाळ काढायला यंत्रांचे डिझेल जळते त्यातला थोडा वाटा वर पाठवला तर ते दान होणार नाही. आगाऊ भरलेले गाळकाढणीचे बिल होईल.

त्याऐवजी आपण वनमहोत्सव करतो. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी तो सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा खड्ड्यांचा. राज्याने २०१९ साली तेहेतीस कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. सड्यावरच्या कातळात पहार मारून अकेशिया लावायचा, फोटो काढायचा, आणि त्याच पंचक्रोशीत पन्नास वर्षांचा ऐन परवान्याने ट्रकमध्ये चढवायचा. हिशेबात झाडे वाढतातच.

पश्चिम घाटाचा हिशेब याहून मनोरंजक आहे. माधव गाडगीळ यांच्या समितीने ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल दिला. तो नको म्हणून कस्तुरीरंगन समिती आली, २०१३ ला तिचा अहवाल आला. मार्च २०१४ मध्ये पहिली मसुदा अधिसूचना निघाली. ३० जुलै २०२४ ला पहाटे केरळात वायनाडच्या मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्यांवर डोंगर आला आणि दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, केंद्राने अधिसूचना काढली. सहावी. तीही मसुदाच. महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर तिच्यात आहेत.

गाळाचा हिशेब कागदावर न ठेवता डोंगर चढूनही लावता येतो. जुलै १९७० मध्ये गढवालात अलकनंदेला मोठा पूर आला. पार खाली, हरिद्वारपाशी गंगेच्या कालव्यात गाळ बसला. तेव्हा चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघातल्या माणसांनी एक साधी गोष्ट केली. मदत वाटून झाल्यावर ते नदीच्या बाजूने वर चढत गेले आणि हा गाळ कुठल्या डोंगराचा आहे ते बघून आले. १९७३ मध्ये चिपको उभे राहिले त्याच्या मुळाशी ही चढण आहे. १९९८ च्या पुरानंतर चीनने यांगत्सेच्या वरच्या खोऱ्यातली नैसर्गिक जंगलांची तोडच बंद केली. तिथे सरकारला वर चढायला एका पुराचा धक्का पुरला. चिपळूणहून तिवरे काही गंगोत्रीइतके लांब नाही. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येते.

पावसाळ्यात तोड बंद असते, निदान दिसत तरी नाही. ओल्या डोंगरावर गाडी चढत नाही. घाटपायथ्याच्या रस्त्याकडेला ओंडक्यांची थप्पी लागलेली आहे, वर निळी ताडपत्री, तिच्यावर दगड ठेवलेले. ताडपत्री जिथे सरकली आहे तिथे कापावर खडूने घातलेले आकडे भिजून पसरले आहेत. ड्रायव्हर चहाच्या टपरीवर बसून आकाशाकडे बघतो. खाली बाजारपेठेत माल माळ्यावर गेला आहे आणि दुकानदार शटर अर्धे ओढून आकाशाकडे बघतो. दोघेही पाऊस थांबायची वाट बघत आहेत.